ऑइल पेट्रोलात की पोटात? – टू स्ट्रोक आणि फोर स्ट्रोक इंजिनांची निगा

(नभोवाणीवरील शेतकरी कार्यक्रमातील भाषण)



आज मी तुमच्याशी बियाणं, खत किंवा रोगराई यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते तुमच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या लहान इंजिनाबद्दल. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप, गवत कापायचा ब्रश कटर, कोळपणीचा पॉवर वीडर, ओढ्याच्या काठावर ठेवायचा पाण्याचा पंप, द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतला एच. टी. पी. फवारणी संच, अशी यंत्रं आता गावोगाव आली आहेत. मजुरांची टंचाई झाली तशी यंत्रांची गरज वाढली. यंत्र घरात आलं, पण त्याची ओळख काही घरात आली नाही.

या लहान पेट्रोल इंजिनांच्या दोन जाती आहेत. एक टू स्ट्रोक आणि दुसरी फोर स्ट्रोक. वरून पाहिलं तर दोन्ही सारखीच. दोरी ओढायची, चोक लावायचा, प्लग पेटला की सुरू. पण दोघांना ऑइल द्यायची रीत अगदी वेगळी. एकाचं ऑइल पेट्रोलात मिसळून द्यायचं, दुसऱ्याचं ऑइल इंजिनाच्या पोटात भरून ठेवायचं. ही एवढी एक गोष्ट उलटसुलट झाली की हजारो रुपयांचं इंजिन घटकाभरात निकामी होतं.

माझ्याच घरची गोष्ट

लांबचं उदाहरण कशाला सांगू? आमच्याच शेतात घडलेलं सांगतो. हरभरा घाटे धरायला लागला होता. दोन दिवस आभाळ आलं आणि घाटेअळी दिसू लागली. फवारणी लगेच करायला हवी होती. मला तालुक्याला जायचं होतं, म्हणून पुतण्याला म्हटलं, "पंपात पेट्रोल भर आणि सुरुवात कर." पोरगं कामसू. त्यानं मोटारसायकलीसाठी आणलेलं पेट्रोल पंपाच्या टाकीत ओतलं, पंप पाठीवर घेतला आणि फवारणी सुरू केली.

थोडा वेळ इंजिन झकास चाललं. मग त्याचा आवाज बदलला, जोर कमी झाला आणि ते बंद पडलं. पुन्हा दोरी ओढायला गेला, तर दोरी जागची हलेना. मिस्त्रीनं इंजिन उघडून दाखवलं. पिस्टनवर आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखानं ओरबाडल्यासारखे चरे पडले होते. इंजिन टू स्ट्रोक होतं, आणि त्याला नुसतं पेट्रोल मिळालं होतं. ऑइलचा एक थेंब नाही.

पिस्टन आणि सिलिंडर यायला चार दिवस गेले. तोवर अळी घाट्यात शिरली. अळी एकदा घाट्यात शिरली की फवारणीचा तितका उपयोग होत नाही. शेजाऱ्याचे हातपंप आणून फवारलं, पण जे जायचं ते गेलं.

मी पोरावर रागावलो. पण रात्री विचार केला तेव्हा कळलं, चूक त्याची नव्हती, माझी होती. आमच्या पिढीनं राजदूत चालवली, येझदी चालवली, जुनी लुना, जुन्या स्कूटर चालवल्या. या सगळ्या टू स्ट्रोक. पेट्रोल पंपावर गाडी लावली की आम्ही आपोआप म्हणायचो, "ऑइल टाकून द्या." २००० सालाच्या आसपास धुराचे नियम कडक होत गेले, आणि मोटारसायकली बघता बघता फोर स्ट्रोक झाल्या. आजच्या पोरांनी पेट्रोलात ऑइल मिसळताना पाहिलेलंच नाही. मग त्यांना ठाऊक कसं असणार? आपण सांगितलं नाही, तर कोण सांगणार? म्हणून आजचं हे भाषण.

स्ट्रोक म्हणजे काय?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या असतो, त्यालाच पिस्टन म्हणतात. तो वर-खाली होतो. वरून खाली किंवा खालून वर, अशी त्याची एक खेप म्हणजे एक स्ट्रोक. खाली त्याला शाफ्ट जोडलेला असतो. दट्ट्या एकदा खाली आणि एकदा वर गेला की शाफ्टचा एक फेरा पुरा होतो.

फोर स्ट्रोक इंजिनात एका कामासाठी चार खेपा लागतात. पहिल्या खेपेला दट्ट्या खाली येतो आणि पेट्रोल व हवा आत ओढतो. दुसऱ्या खेपेला वर जाऊन ते मिश्रण दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि दट्ट्याला जोरात खाली ढकलतं. ही तिसरी खेप, आणि खरं काम हीच करते. चौथ्या खेपेला दट्ट्या वर जाऊन धूर बाहेर काढतो. म्हणजे शाफ्टचे दोन फेरे, तेव्हा एकदा जोर.

वडीलधाऱ्यांना मोट आठवत असेल. बैल उतारावर जाताना पाणी वर येई, आणि मागं सरताना मोट रिकामी खाली जाई. काम एकाच खेपेला, पण दुसऱ्या खेपेवाचून ते होत नसे. फोर स्ट्रोकचंही तसंच आहे. एक खेप कामाची, तीन खेपा तयारीच्या. या इंजिनात मिश्रण आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला दोन झडपा असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात.

टू स्ट्रोक इंजिन हेच सगळं काम दोन खेपांत, म्हणजे शाफ्टच्या एकाच फेऱ्यात उरकतं. आपल्या शेतीतल्या लहान टू स्ट्रोक इंजिनांना अशा झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच भोकं असतात आणि दट्ट्या वर-खाली होताना ती आपोआप उघडतो, झाकतो. दर फेऱ्याला जोर मिळतो, म्हणून लहान आणि हलकं इंजिनही चांगली ताकद देतं. पण धूर बाहेर जाण्याचं भोक आणि ताजं मिश्रण आत येण्याचं भोक थोडा वेळ एकदमच उघडी असतात. त्यामुळं थोडं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. टू स्ट्रोक पेट्रोल जास्त खातं ते याच कारणानं.

मग ऑइलचा फरक का?

आता मुख्य मुद्दा ध्यानात घ्या. फोर स्ट्रोक इंजिनाच्या खालच्या पेटीत, म्हणजे पोटात, ऑइल साठवलेलं असतं. बऱ्याच लहान इंजिनांत आत एक पळीसारखा भाग फिरतो. तो ऑइल उडवतो आणि सगळ्या भागांना वंगण मिळतं. तेच ऑइल पुन्हा खाली येतं, पुन्हा वापरलं जातं.

टू स्ट्रोकमध्ये मात्र ती खालची पेटी रिकामी ठेवावी लागते. कारण पेट्रोल आणि हवेचं ताजं मिश्रण आधी त्या पेटीत येतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. तो मिश्रणाचा रस्ताच आहे. रस्त्यात ऑइल साठवून कसं चालेल? म्हणून ऑइल पेट्रोलातच मिसळून द्यायचं. पेट्रोलाबरोबर ते आत येतं, जाता जाता भागांना वंगण देतं आणि शेवटी जळून जातं. टू स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर येतो, तो या जळणाऱ्या ऑइलचा.

म्हणजे फोर स्ट्रोकचं ऑइल टिकतं, पण मळतं. म्हणून ते तपासावं आणि ठरल्या वेळी बदलावं लागतं. टू स्ट्रोकचं ऑइल टिकतच नाही. म्हणून ते दर वेळी पेट्रोलाबरोबर मापात द्यावं लागतं. विहिरीवरची जुनी डिझेल इंजिनं ज्यांनी हँडल मारून चालवली आहेत, त्यांना पोटातल्या ऑइलची सवय आहे. ती इंजिनं फोर स्ट्रोकच होती.

आपलं इंजिन कोणतं, हे ओळखायचं कसं?

इंजिनाच्या आकारावरून ओळखू नका. लहान म्हणजे टू स्ट्रोक आणि मोठं म्हणजे फोर स्ट्रोक, असं पूर्वी सर्रास म्हणत. आता ३५ सी. सी. एवढी लहान इंजिनंही फोर स्ट्रोकमध्ये मिळतात. ब्रश कटर दोन्ही जातींत येतो. तेव्हा पुढच्या खुणा पाहाव्यात.

एक, पेट्रोलच्या टाकीशिवाय इंजिनाच्या खालच्या अंगाला ऑइल भरण्याचं वेगळं झाकण आहे का? त्या झाकणाला बहुधा आतून एक काडी असते, ऑइलची पातळी पाहायची. असं झाकण असेल तर इंजिन फोर स्ट्रोक.

दोन, टाकीच्या झाकणावर किंवा बाजूला २५:१, ४०:१, ५०:१ असा आकडा किंवा पेट्रोल आणि ऑइलच्या थेंबाचं चित्र आहे का? असेल तर टू स्ट्रोक.

तीन, आवाज. टू स्ट्रोकचा आवाज टर्रर्र असा सलग आणि चिरका येतो. फोर स्ट्रोकचा आवाज जरा जाडा आणि सुटा वाटतो. पण नुसत्या आवाजावर विसंबू नये. शंका असेल तर यंत्राबरोबर आलेली पुस्तिका पाहावी. पुस्तिका हरवली असेल तर यंत्रावरचा मॉडेल नंबर लिहून घेऊन दुकानदाराला विचारावं. शेजाऱ्याच्या यंत्रावरून अंदाज करू नये.

टू स्ट्रोकची निगा : मापात मिसळा

५०:१ याचा अर्थ पन्नास भाग पेट्रोलाला एक भाग ऑइल. हिशोब सोपा आहे. १ लिटर पेट्रोलाला ऑइल किती घालायचं ते लिहून ठेवा :

५०:१ असेल तर २० मिलिलिटर.
४०:१ असेल तर २५ मिलिलिटर.
२५:१ असेल तर ४० मिलिलिटर.

५ लिटरचा डबा एकदम करायचा असेल तर हेच माप अनुक्रमे १००, १२५ आणि २०० मिलिलिटर होतं. आपल्या यंत्राला यांतलं कोणतं प्रमाण, ते पुस्तिकेत किंवा टाकीवर लिहिलेलं असतं. तेच धरावं.

ऑइल टू-टी म्हणून मिळतं तेच घ्यावं. मोटारसायकलीचं किंवा ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल घालू नये. ते पेट्रोलाबरोबर नीट जळत नाही आणि आत काजळी धरते. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल तर चुकूनही घालू नये. माप डोळ्यानं धरायचं नाही. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण किंवा खुणा असलेली प्लास्टिकची मापटी वापरा, पण ती याच कामाला ठेवा.

मिसळायची रीत अशी. यंत्राच्या टाकीत पेट्रोल आणि ऑइल वेगवेगळं ओतायचं नाही. वेगळ्या डब्यात आधी निम्मं पेट्रोल घ्या, त्यात सगळं ऑइल ओता, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. डबा काही दिवस उभा राहिला असेल, तर टाकीत ओतण्याआधी पुन्हा एकदा हलवा.

काही जण म्हणतात, थोडं जास्त ऑइल घातलं तर इंजिनाला बरं. ते खरं नाही. जास्त ऑइलानं धूर वाढतो, प्लग काळा आणि ओला होतो, आणि धुराच्या भोकात व सायलेन्सरमध्ये काजळी साचते. भोक चोंदलं की इंजिनाला जोर राहत नाही. कमी ऑइलानं काय होतं ते तर मी सांगितलंच. तेव्हा कंजुषीही नको आणि हात सैलही नको.

जोर कमी वाटू लागला, पेट्रोल आणि प्लग ठीक असले, तर सायलेन्सरची काजळी तपासून घ्यावी. काजळी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या काडीनं काढावी. लोखंडी पेचकसानं खरवडलं तर दट्ट्यावर ओरखडे पडतात. हे काम येत नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्यावं.

फोर स्ट्रोकची निगा : पातळी पाहा, वेळेवर बदला

फोर स्ट्रोकच्या टाकीत साधं पेट्रोल भरायचं. ऑइल पोटात भरायचं. इथं सगळ्यात मोठा धोका पहिल्याच दिवशी असतो. नवीन फोर स्ट्रोक इंजिन खोक्यातून येतं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या पोटात ऑइल नसतं. ऑइलची बाटली सोबत वेगळी येते, किंवा आपल्याला विकत घ्यावी लागते. पोरं उत्साहानं खोकं फोडतात, पेट्रोल भरतात आणि दोरी ओढतात. ऑइल नसलेलं इंजिन सुरूही होतं, हीच तर गंमत. थोड्या वेळात ते जाम होतं. म्हणून नवीन यंत्र घरी आलं की पहिलं काम ऑइलचं, मग पेट्रोल. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद पडायची सोय असते. ती असली तरी तिच्या भरवशावर राहू नये.

रोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागी ठेवून, इंजिन बंद असताना, काडीनं ऑइलची पातळी पाहावी. तिरक्या जागी पाहिली तर खोटी पातळी दिसते. कमी असेल तर भरावी. वरच्या खुणेच्या वर मात्र भरू नये. पाण्याच्या पंपावर किंवा वीडरवर जे साडेपाच हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन असतं, त्याच्या पोटात साधारण ६०० मिलिलिटर ऑइल मावतं. ब्रश कटरच्या लहान फोर स्ट्रोक इंजिनात १०० मिलिलिटरच मावतं. एवढ्याशा ऑइलातून थोडं कमी झालं तरी फरक पडतो.

ऑइल बदलायचं कधी? नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलावं, कारण नवे भाग घासून निघालेली बारीक कीस त्यात उतरते. पुढं दर १०० तासांनी, किंवा काम कमी असेल तर सहा महिन्यांनी. धुळीत किंवा जड कामात याहून लवकर. १०० तास म्हणजे रोजचे चार तास धरले तर २५ दिवसांचं काम. हिशोब राहत नसेल तर गोठ्याच्या दारावर रोज खडूनं एक रेघ मारा. इंजिन थोडं गरम असताना ऑइल काढावं, म्हणजे मळ सगळा निघतो. ऑइल कोणतं, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. अशा इंजिनांना बहुधा १०-डब्ल्यू-३० नंबरचं ऑइल सांगितलेलं असतं. टू-टी ऑइल यात घालायचं नाही. काढलेलं जळकं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात साठवून भंगारवाल्याला किंवा गॅरेजला द्या.

आणखी एक. पाण्याचा पंप किंवा वीडर फार तिरपा ठेवून चालवू नये. ऑइल एका बाजूला जातं आणि वंगण मिळत नाही. साफसफाईसाठी इंजिन कलतं करायचं झालं, तर एअर फिल्टरची बाजू वर राहील असं करावं, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. फोर स्ट्रोकच्या झडपांची फट वर्षातून एकदा मिस्त्रीकडून तपासून घ्यावी.

दोघांनाही लागू

हवेचा फिल्टर म्हणजे इंजिनाचं नाक. कोळपणीला, मळणीला धूळ फार उडते. ती आत गेली की सिलिंडर झिजतो. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, पिळून पुरता वाळवावा आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तर थोडं ऑइल लावून पिळून बसवावा. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही, हलक्या हातानं आपटून धूळ झाडायची. आणि इंजिन जोर धरत नाही म्हणून फिल्टर काढून ठेवून चालवायची सवय सोडा.

प्लग काढून पाहिला की इंजिनाची तब्येत कळते. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं आणि चिकट असेल तर ऑइल जास्त, फिल्टर चोंदलेला किंवा चोक लावलेलाच राहिला, असं समजावं. पांढरं फटक असेल तर इंजिन तापतं आहे. टू स्ट्रोकमध्ये पांढरा प्लग दिसला तर काम थांबवा आणि मिश्रण तपासा.

आता पेट्रोलाबद्दल. आपल्या देशात पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ साली गाठलं गेलं. तुमच्याच उसापासून आणि मक्यापासून हे इथेनॉल होतं. पण ते हवेतली ओल धरतं. डब्यात किंवा टाकीत पाणी गेलं, तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीची नळी तळातून ओढते. म्हणजे मापात ऑइल घालूनही इंजिनाला वंगण मिळत नाही. म्हणून डबा घट्ट झाकणाचा असावा, सावलीत ठेवावा, आणि महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करावं. मागच्या हंगामाचं पेट्रोल या हंगामात वापरू नये. रबरी नळ्या कडक झाल्या, फुगल्या किंवा भेगाळल्या तर बदलाव्यात.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. इंजिन थंड झालं की प्लग काढून भोकात ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी हळूच दोनदा ओढा आणि प्लग पुन्हा बसवा. फोर स्ट्रोकचं ऑइल ठेवताना बदलून ठेवा. मळकं ऑइल पावसाळाभर आत राहणं बरं नाही.

चूक झालीच तर

टू स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल गेल्याचं ध्यानात आलं तर त्या क्षणी इंजिन बंद करा. "हातातलं एवढं फवारून घेतो" म्हणू नका. टाकी रिकामी करा, इंजिन थंड होऊ द्या, मग दोरी हळू ओढून पाहा. मोकळी फिरली तर बरोबर मिश्रण भरून आधी हलक्या वेगानं चालवा. अडकत असेल तर जोर लावू नका, मिस्त्रीकडे न्या.

फोर स्ट्रोकच्या टाकीत ऑइलमिश्रित पेट्रोल गेलं तर नुकसान त्या मानानं कमी. धूर येईल, प्लग काळा होईल. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरा आणि प्लग पुसा.

घ्यायचं तर कोणतं घ्यावं?

पाठीवर किंवा हातात धरून काम करायचं, उतारावर, बांधावर फिरायचं आणि काम थोड्या थोड्या वेळाचं असेल, तर हलकं टू स्ट्रोक सोयीचं. त्याचे भाग कमी, दुरुस्ती सोपी. मात्र पेट्रोल जास्त, धूर आणि आवाज जास्त, आणि मिसळण्याची शिस्त हवी.

जमिनीवर ठेवून किंवा चाकावर तासन्‌तास चालवायचं असेल, जसं पाणी उपसणं, वीडर, एच. टी. पी., तर फोर स्ट्रोकच घ्यावं. किंमत आणि वजन जास्त, पण पेट्रोल कमी लागतं आणि नीट ऑइल बदललं तर वर्षानुवर्षं टिकतं. शेत थोडं असेल, तर पाठीवर बॅटरीचा पंपही पुरतो, हेही विसरू नका. यंत्र घेताना एकच पाहा, त्याचे सुटे भाग तुमच्या तालुक्याला मिळतात का?

जीव सांभाळा

पेट्रोल किंवा डिझेल इंजिन विहिरीत, टाकीत किंवा बंद खोलीत चालवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत पंप उतरवून गाळ काढताना माणसं यानंच दगावतात, आणि त्यांना काढायला उतरलेलेही दगावतात. इंजिन वर ठेवा, पाइप खाली सोडा. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, आधी ते निवू द्या. जवळ विडी, काडी नको.

थोडक्यात ध्यानात ठेवायचं

१. यंत्र टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, ते आधी ओळखा आणि त्यावर रंगानं लिहून ठेवा.
२. टू स्ट्रोकला पेट्रोलात टू-टी ऑइल, सांगितलेल्या मापात.
३. फोर स्ट्रोकला साधं पेट्रोल आणि पोटात इंजिन ऑइल.
४. नवीन फोर स्ट्रोक सुरू करण्यापूर्वी ऑइल भरल्याची खात्री करा.
५. रोज ऑइलची पातळी पाहा. पहिलं ऑइल २० तासांनी, पुढं १०० तासांनी बदला.
६. फिल्टर स्वच्छ, पेट्रोल ताजं, टाकी हंगामानंतर रिकामी.
७. विहिरीत इंजिन उतरवू नका.

बंधूंनो, त्या हरभऱ्याच्या दिवसांनंतर आमच्या घरात दोन डबे आले. लाल डब्यावर पुतण्यानंच ठळक लिहिलं, "ऑइल मिसळलेलं – फक्त फवारणी पंप". पांढऱ्यावर लिहिलं, "साधं पेट्रोल". डबे वेगळ्या फळीवर असतात. पंपाच्या टाकीवरही त्यानं लाल रंगाचा पट्टा ओढला आहे. लाल डबा, लाल पट्टा. अक्षर न वाचता येणाऱ्या गड्यालाही चुकायला जागा नाही. खर्च म्हणाल तर दोन डब्यांचा आणि थोड्याशा रंगाचा.

तुमच्या घरी आज यंत्र कोण चालवतं, मुलगा, सून, पुतण्या की गडी, त्याला हे पत्रक वाचून दाखवा. वाचून झालं की ते यंत्राजवळच्या भिंतीला लावून ठेवा.